उभी राहिली की बंद पडते

गाडी मुळात चालूच होत नसेल तर ते दुःख घरगुती असतं. ती अंगणात चिंचेखाली, कोंबड्यांच्या हवाली पडून राहते आणि गावाला पत्ता लागत नाही. धावता धावता बंद पडली तर लोक हळहळतात, पाण्याची बाटली पुढं करतात, टोचन बांधायला दोर आणतात. पण धावताना एकदम फर्स्टक्लास आणि उभी राहिली की बंद, हा जो तिसरा प्रकार आहे, त्याच्याइतकी बेअब्रू दुसऱ्या कशानं होत नाही. कारण गाडी उभी कुठं राहते? जिथं माणसं असतात तिथं. मंचरच्या चौकात, नारायणगावच्या एसटी स्टँडसमोर, पेट्रोलपंपाच्या रांगेत, संकष्टीला ओझरच्या पार्किंगच्या तोंडाशी. आळेफाट्याच्या पुढं मोकळा रस्ता लागला, बघायला चिटपाखरू नाही, की बाईसाहेब साठच्या स्पीडनं खुशाल चालल्या आहेत.

आमच्या घरची व्हॅन ह्या तिसऱ्या प्रकारात मोडते. एमएच-१४ पाटीची, नव्वदच्या दशकातली. मारुतीची व्हॅन १९८४ साली बाजारात आली, पुढं तिचं ओम्नी म्हणून बारसं झालं आणि २०१९ साली ती बनायची थांबली. मधल्या पस्तीस वर्षांत तिनं ह्या देशात नवऱ्या वाहिल्या, शाळेची पोरं वाहिली, गॅसचे सिलिंडर आणि टोमॅटोचे क्रेट वाहिले, आणि हिंदी सिनेमात पळवलेल्या नायिका वाहिल्या. आमच्या व्हॅननं नायिका सोडून बाकी सगळं वाहिलंय.

ह्या व्हॅनची एक गंमत अशी की तिचं इंजिन पुढं नाकात नाही, पुढच्या सीटांच्या खाली आहे. त्यामुळे गाडी बंद पडल्यावर बॉनेट उघडून, कमरेवर हात ठेवून, आत काहीतरी समजल्यासारखा चेहरा करायचा पुरुषी विधी इथं पार पाडता येत नाही. सीट उचलावी लागते. आणि आमच्या बाबतीत डावीकडच्या सीटवर आजी असते. म्हणजे आधी आजीला उतरवायचं. त्याआधी तिच्या पायातली पिशवी उतरवायची, मांडीवरचा पानाचा डबा धरायचा, तिची एक चप्पल सीटखाली गेलेली असते ती शोधायची, मग तिला सावली बघून बसवायचं, मग तिनं बुडाखाली घातलेली चौघडी काढायची. हे सगळं होऊन सीट उचलेपर्यंत चांगला वेळ गेलेला असतो, आणि तात्यांनी चावी फिरवली की गाडी चालू! मग आजी परत चढते. गाडी पुढच्या चौकात परत बंद पडते.

तात्या म्हणजे माझे चुलते. व्हॅन त्यांच्या नावावर आहे आणि तिच्याबद्दल बोललेलं त्यांना सोसत नाही.

आता जुन्नर-आंबेगावात एक रीत आहे. बंद गाडीजवळ आलेला माणूस ‘काय झालं’ असं विचारतो ते तुमचं उत्तर ऐकायला नव्हे. त्याचं उत्तर तयार असतं, आणि ते त्याच्या धंद्यातून आलेलं असतं. कुकडी, मीना, घोड ह्या नद्या आणि धरणांचे कालवे ह्यांच्यामुळे इथला प्रत्येक माणूस जन्मानं पाण्याच्या मोटरीचा डॉक्टर आहे. अशाच एका डॉक्टरांनी कळंबजवळ आमची केस हातात घेतली.

“किती शिलिंडर हायेत हिला?”

“तीन.”

“मंग एक फेज गेलाय.”

“अहो, ही पेट्रोलवर चालते.”

“ते आसू द्या. तीनातला एक गेला की मोटर घुमती, पर उचलत नाय. तुमची घुमती का?”

“घुमते.”

“मंग?”

ह्या ‘मंग’ला आजतागायत उत्तर सापडलेलं नाही. शिवाय माणूस अगदीच चुकत नव्हता. तीनातला एक सिलिंडर पेट घेत नसेल तर इंजिन दोघांच्या जोरावर लंगडत चालतं. रस्त्यावर वेग असतो म्हणून ते निभावतं, उभं राहिल्यावर निभावत नाही. गॅरेजवाले त्यालाच ‘मिसिंग करतीय’ म्हणतात. फेज म्हटलं काय नि प्लग म्हटलं काय.

दुसरे तज्ज्ञ द्राक्षबागाईतदार, आमचे शेजारीच. ह्यांना जगातली सगळी दुखणी ठिबकमध्ये दिसतात. “कार्बोरेटरला बारीक भोकं असत्यात ना? ती चोक झालीत. अ‍ॅसिड ट्रीटमेंट द्या.” आणि हे बोलून थांबणारा माणूस नव्हे, पंपघरातून बाटली घेऊनच आला होता. तात्यांनी बाटलीचं बूड धरलं, त्यांनी मान धरली, आणि बराच वेळ दोघांपैकी कुणीच सोडेना. रोगाचं निदान तसं त्यांचंही वाटेवरचंच. कार्बोरेटरमध्ये स्लो जेट म्हणून एक पितळी तुकडा असतो; त्याचं भोक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं, किंवा त्याहूनही बारीक. जुन्या टाकीतला गंजाचा एक कण त्यात बसला की उभ्या गाडीचं पेट्रोल तुटतं. तो कण काढायला कॉम्प्रेसरची हवा मारतात. अ‍ॅसिडनं भोक मोकळं झालं असतं, कार्बोरेटरही आमच्यातून मोकळा झाला असता.

मात्र माझ्या मते सगळ्यात अचूक निदान नारायणगावला झालं. चैत्राच्या सुमारास तिथं तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी यात्रेसाठी तमाशा ठरवायला येतात. आमच्या गावचे पंच आमच्याच व्हॅनमधून गेले होते. आत तारखेची आणि बिदागीची ओढाताण चालली होती. बाहेर तात्या गाडी बंद पडू नये म्हणून पायानं रेस धरून बसले होते. शेजारच्या राहुटीच्या तोंडाशी एक ढोलकीवाले डोळे मिटून तंबाखू मळत होते. मळता मळताच म्हणाले, “तिसरा ठोका खातीय.” बस. पुढं सल्ला नाही, बाटली नाही. आम्ही घरी येऊन तीन प्लग काढले. दोन विटकरी रंगाचे, म्हणजे निरोगी. तिसरा काळाकुट्ट. नवीन प्लग घातला, ठोके तीनही वाजू लागले, आणि गाडी तीन ठोक्यांत नीट तालासुरात बंद पडू लागली.

तात्या खचले ते तिथं. प्लगमागून पॉइंट बदलले, मग कंडेन्सर, मग कॉइल, मग डेल्कोचं झाकण, मग पेट्रोलपंप. जुनी वस्तू काढायची, पिशवीत टाकायची, नवी बसवायची, स्टँडपर्यंत जायचं, बंद पडायची. पिशवी जड होत गेली.

इथं थोडं शास्त्र सांगितलं पाहिजे, कारण ते सांगितल्याशिवाय तात्यांचं दुःख कळणार नाही. गाडी पळते तेव्हा इंजिनाचा घसा चांगला उघडा असतो. एक भाग पेट्रोलला वजनानं पंधरा भाग हवा, अशा हिशेबानं ते दोन्ही ओढत असतं. त्या वेळी कुठल्या तरी फटीतून थोडी चोरटी हवा आत शिरली तर हिशेब फारसा बिघडत नाही. गाडी उभी राहिली की घसा जवळजवळ बंद होतो, फेरे मिनिटाला आठ-नऊशेवर येतात आणि सगळा संसार त्या अर्ध्या मिलिमीटरच्या भोकावर चालतो. लग्नाच्या पंगतीत दहा आगंतुक जेवून गेले तरी आचाऱ्याला पत्ता लागत नाही. घरी मोजून चार भाकरी थापल्या असताना एक पाव्हणा आला की घरधनीण उपाशी. उभी गाडी ही चार भाकरींच्या घरची आहे. हवा जास्त झाली तरी बंद, पेट्रोल जास्त झालं तरी बंद, ठिणगी पिवळट पडली तरी बंद, टॅपेट घट्ट झाले तरी बंद. कारणं पन्नास आणि लक्षण एकच: आचका देऊन गप्प.

ह्या पन्नास कारणांवर आमच्या भागातल्या गॅरेजांनी एकच औषध शोधलंय. “स्लो वाढवून देतो.” कार्बोरेटरवर एक स्क्रू असतो. तो आवळला की गाडी उभ्या जागी जास्त फेरे घेते आणि बंद पडायचं विसरते. आमचा स्लो इतक्या लोकांनी इतक्या वेळा वाढवला की शेवटी शेवटी व्हॅन उभी असताना घाटात चढल्यासारखी ओरडायची. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की पाय न लावता निघायची. आत बसलेली माणसं एकमेकांशी हातवारे करून बोलायची. पेट्रोलचा काटा बघवत नव्हता. आणि एवढं करून, गाडी चांगली तापली की ती त्या आरडाओरड्यातच बंद पडायची.

तशी ती पडली एकदा आंबेगावातल्या एका बैलगाडा शर्यतीच्या घाटावर, अगदी वाटेच्या तोंडाशी. २०१४ साली शर्यतींवर बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं परत परवानगी दिली, तेव्हापासून घाटावर मुंगी शिरायला जागा नसते. बैलांची बारी बारा-तेरा सेकंदांत संपते. मध्ये व्हॅन. मग माइकवरून जे सुरू झालं ते सगळं इथं छापण्याजोगं नाही, पण “पांढऱ्या व्हॅनवाल्या तात्यांनी आपली एक बारी पूर्ण करावी, घड्याळ लावलेलं हाये” एवढं आजही आमच्या घरात कुणीही कुणालाही म्हणतं.

पीयूसीची तर कथाच निराळी. पेट्रोल गाडीचा धूर तपासतात तो उभ्या गाडीत, स्लोवर. २००० सालापूर्वीच्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के. पोरानं नळी सायलेन्सरमध्ये घातली आणि आकडा यायच्या आत गाडी बंद. परत चालू, परत बंद. शेवटी स्क्रीनवर शून्याच्या आसपास काहीतरी दिसलं. “तात्या, एवढी स्वच्छ गाडी आज आली नव्हती,” असं तो म्हणाला. तात्यांना ते खरं वाटलं.

मग दिवाळीत तात्यांचा भाचा आला. तो चाकणला मोटारींच्या एका कारखान्यात आहे, आणि आमच्या घरात चाकण म्हणजे मोटारींची काशी. त्यानं खिशातून काडेपेटीएवढं एक यंत्र काढलं. हे गाडीला लावायचं, मोबाइलवर बिघाडाचा नंबर येतो, नंबर वाचायचा, पार्ट बदलायचा, विषय संपला. सगळं घर गोळा झालं. भाचा व्हॅनच्या डॅशबोर्डखाली शिरला. बराच वेळ शिरलेलाच होता. मग त्याचे पाय म्हणाले, “मामा, हिला पोर्ट कुठाय?” आता आपल्याकडं गाडीत अशी स्वतःची तक्रार सांगणारी यंत्रणा सक्तीची झाली ती २०१० नंतर टप्प्याटप्प्यानं. त्याआधीच्या गाड्या तक्रार तोंडानं सांगतात. भाच्याला तोंडी तक्रार ऐकायचं प्रशिक्षण नव्हतं. नव्या गाडीत कंप्युटर क्षणाक्षणाला हवा आणि पेट्रोल मोजतो आणि स्लो आपला आपण सांभाळतो. तो स्क्रू फिरवायचा अधिकारच माणसाकडून काढून घेतलाय. तात्यांना हे ऐकून गहिवरून आलं. अशी सून हवी होती, असं काहीसं ते पुटपुटले.

ऐकण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो, ह्या बाबतीत आमचा मुलूख काही मागासलेला नाही. नारायणगावजवळ आर्वीला १९७१ पासून उपग्रहाशी बोलणारं केंद्र होतं. आणि खोडदची जीएमआरटी दुर्बीण तर जगप्रसिद्ध. प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, चौदा मधोमध आणि बाकीच्या तीन दिशांना शिवारात पसरलेल्या. ही जागा निवडायचं एक कारण, इथं रेडिओ लहरींचा गोंगाट कमी. माणसांच्या गोंगाटाचा विचार झाला नसावा. ह्या डिश अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेली हायड्रोजनची कुजबुज ऐकतात. आता प्लगची ठिणगी म्हणजे मुळात रेडिओचा खरखराटच. अमेरिकेत ग्रीन बँकच्या दुर्बिणीजवळ म्हणून डिझेल गाड्या चालवतात, डिझेलला ठिणगी लागत नाही. हे मी तात्यांना सांगितल्यापासून ते खोडदच्या बाजूनं जाताना अवघडलेले असतात. एखाद्या शास्त्रज्ञाच्या वहीत ‘दर तिसरा ठोका चुकवणारा तारा’ अशी नोंद झाली असेल आणि ती आपली व्हॅन असेल, ह्या शंकेनं त्यांना घेरलंय.

आणखी एक संशयित म्हणजे इथेनॉल. २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये ते २० टक्क्यांपर्यंत आलं. इथेनॉल पाणी शोषून घेतं आणि जुन्या गाडीच्या रबराला ते मानवत नाही, असं गॅरेजवाले सांगतात. पण आमच्याकडं ह्यावर मोकळेपणी बोलता येत नाही. जुन्नरला विघ्नहर, आंबेगावला भीमाशंकर, दोन्ही सहकारी साखर कारखाने, आणि बोलणाऱ्या प्रत्येकाचा ऊस कुठं ना कुठं जातो. “आपलाच ऊस आपल्याच गाडीला कसा बाधंल?” असा प्रश्न तात्यांनी केला तेव्हा बैठकीतल्या सगळ्या ऊसवाल्यांनी माना डोलावल्या आणि इथेनॉल निर्दोष सुटलं.

शेवटी कुणीतरी घोडेगावच्या रस्त्याला असलेल्या एका म्हाताऱ्या फिटरमामांचं नाव काढलं. पत्र्याची शेड, भिंतीवर पान्यांच्या काळ्या सावल्या उमटलेल्या, त्यातले निम्मे पाने गेलेले. भीमाशंकरच्या वाटेवरच्या जीपा दुरुस्त करण्यात हयात गेलेली. तात्यांनी पिशवी पुढं ठेवून इतिहास सुरू केला. मामांनी पिशवीत बघितलंही नाही.

“गार असताना पडती का गरम?”

सगळे गप्प. मग तात्या म्हणाले गार, मी म्हणालो दोन्ही, चुलतभाऊ म्हणाला गुरुवारी.

“बुडाखाली तापाय लागलं की पडती,” आजी सीटवरूनच म्हणाली. “मी कवाधरनं सांगतीय. पर ऐकतंय कोन? उतरवून ठेवत्यात मला.”

मामांनी पहिल्यांदा मान वर केली. आम्ही सवयीनं आजीची पिशवी उतरवायला पुढं झालो, तर ते म्हणाले, “आज्जींना बसू द्या. तात्या, तुम्ही उतरा.”

तात्यांच्या आयुष्यात असा प्रसंग आला नव्हता. ते उतरले. मामांनी उजवीकडची सीट उचलली, गाडी चालूच ठेवली, आणि विडी पेटवून बाकड्यावर बसले. काही करेनात. विडी संपली, दुसरी पेटली. आजी म्हणाली, “तापलं आता.” इंजिन दोनदा कण्हलं. मामा उठले, पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला खिळ्यानं भोक पाडलेलं होतं, ती घेऊन उजवीकडून वाकले, आणि मॅनिफोल्डच्या आसपासच्या नळ्यांवर थोडं थोडं पाणी सोडत गेले. पहिल्या नळीवर काही नाही. दुसरीवर काही नाही. तिसरी बोटाएवढी जाड रबरी नळी; तिच्या खालच्या अंगाला पाणी लागलं आणि इंजिनाचा आवाज एकदम बदलला, कुणीतरी पाणी प्यायल्यासारखा ‘सूंऽ’ झाला आणि लगेच परत बिघडला. मामांनी तिथं अंगठा दाबला. कण्हणं बंद. अंगठा काढला, सुरू. परत दाबला, बंद. तात्यांनी हे त्यांना आणखी चारदा करायला लावलं.

नळीच्या टोकाशी, वरून दिसणार नाही अशी, उभी चीर होती. गार असताना रबर आखडलेलं, चीर मिटलेली. इंजिन तापलं की रबर सैल, चीर उघडी, फुकटची हवा आत. आणि आजीला उतरवून, चप्पल शोधून, चौघडी घडी करून सीट उचलेपर्यंत इंजिन गार होऊन चीर परत मिटायची. ह्या घराण्याच्या मातृभक्तीमुळेच रोग इतके दिवस सापडला नव्हता.

मामांनी ब्लेडनं चिरलेलं टोक इंचभर कापलं, नळी परत सारली, क्लिप आवळली. मग स्लोचा स्क्रू उलटा फिरवत फिरवत इतका खाली आणला की तात्यांनी डोळे मिटून घेतले. गाडी बंद पडली नाही. नुसती हलकी हलकी घुमत राहिली.

“किती द्यायचे?”

“पन्नास.”

पन्नास रुपये ऐकून तात्या दुखावले. तीन तालुक्यांत गाजलेलं दुखणं, ज्याच्यावर पंचांनी, बागाईतदारांनी, चाकणच्या इंजिनिअरनं डोकं लावलं, ते इंचभर रबर कापून पन्नास रुपयांत बरं होतं म्हणजे काय? त्यांनी जास्त घ्यायचा आग्रह केला, मामा घेईनात, शेवटी शंभरावर तोडगा निघाला. परतीच्या वाटेवर इतकी शांतता होती की व्हॅनमधले दरवाजे, काचा आणि मागची सीट किती वर्षांपासून वाजत होती ते पहिल्यांदा ऐकू आलं. तात्या पुटपुटतात काय तेही आजीला पहिल्यांदा ऐकू आलं, आणि मंचर येईपर्यंत त्यावर चर्चा झाली.

राहिली ती पिशवी. त्यातलं सगळं सामान मुळात चांगलं होतं, एक काळा प्लग सोडून. तात्यांनी ते उदार मनानं वाटलं. पंप एका मित्राला, डेल्कोचं झाकण मेहुण्याला, कॉइल शेजारच्या द्राक्षबागाईतदारांना. त्यांची जुनी मोटार गोठ्याशेजारी धूळ खात उभी होती, ती त्यांनी ह्याच कॉइलवर चालू केली. आता ती रस्त्यावर पळते छान, पण स्टँडसमोर उभी राहिली की बंद पडते. त्यांचं म्हणणं, तात्यांनी खराब कॉइल गळ्यात मारली. तात्यांनी त्यांना निरोप पाठवलाय, अ‍ॅसिड ट्रीटमेंट देऊन बघा.